मी येईस्तोवर

निरगुडसरात कोंबड्या घरोघरी. खुडूक कोंबडी टोपलीत अंड्यांवर, रवणावर बसवणं हा तर तिथल्या म्हाताऱ्या बायकांच्या हातचा मळ. पण टर्कीची अंडी, तीही थर्माकोलच्या खोक्यात, विजेच्या बल्बखाली, घरच्या घरी उबवायची म्हणजे दत्ताला लागलेलं नवं खूळ आहे, असं गावानं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. गावाचं काय, ठरवायला पैसे पडत नाहीत. दत्ताच्या बायकोनं, सुप्रियानंही आधी तसंच ठरवलं होतं, फक्त ती ते तोंडावर बोलून दाखवत होती.

दत्ताच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. बाप, राघू, असेपर्यंत पावसाळा सरला की मेंढरं घेऊन बाहेर पडायचं आणि उन्हाळाभर मुलूख तुडवून परत यायचं, हा रिवाज चालला. राघू गेला आणि दोघा भावांनी मेंढरं विकून शेती धरली. थोरला दादाभाऊ शेतीत रमला, गावात वेगळं घर बांधून राहिला. धाकट्या दत्ताला मात्र डोळ्यांपुढे काहीतरी चरताना दिसल्याशिवाय करमत नसे. ऊस चरत नाही, कांदा चरत नाही. मग कुणाकडे तरी त्यानं टर्की बघितल्या, शेतातून हळूहळू मान हलवत, टिपत टिपत चाललेला त्यांचा थवा बघितला आणि घरी येऊन आईला म्हणाला, "आये, मेंढरं गेली तर गेली. आता पिसांची मेंढरं करतो."

तानूबाई म्हणाली, "कर बाबा. न्हाई तरी तू कुनाचं ऐकतूस?"

पहिली खेप फसली. पिल्लं आत पूर्ण भरली, त्यांनी कवचाला भोकंही पाडली आणि तशीच अर्ध्यात चिकटून मेली. खोक्यात ठेवलेली पाण्याची वाटी आटली होती आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. हवा कोरडी पडली आणि आतलं पातळ कातडं पिल्लांच्या अंगाला गच्च आवळलं. दत्तानं ती शेवग्याखाली पुरली आणि त्या संध्याकाळी जेवला नाही. टर्कीपायी उपाशी राहणारा माणूस सुप्रियानं पहिल्यांदाच बघितला. तिनं त्याची थट्टा करायला तोंड उघडलं होतं, पण त्याच्याकडे बघून मिटलं.

दुसऱ्या खेपेला तो शहाणा झाला होता. मधल्या खोलीत, वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात खोका ठेवला. दोन बल्ब, उष्णतेचा काटा, पाण्याला पसरट ताट, आत बघायला झाकणात काच. वीज गेली तर म्हणून इन्व्हर्टर. तानूबाईनं आपल्याकडून एक कोळसा खोक्याच्या कोपऱ्यात ठेवला, वीज कडाडली तर अंड्यातल्या जिवाला धक्का बसू नये म्हणून. अंड्यांवर तपकिरी ठिपके होते. प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला दत्तानं पेन्सिलनं फुली काढली आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्या सात वर्षांच्या वृषालीनं गोल काढून त्यात डोळे आणि हसरं तोंड काढलं. दिवसातून चारपाच वेळा अंडी फिरवायची; एकदा फुल्या वर, एकदा तोंडं वर. एकाच कुशीवर ठेवलं तर पिल्लू कवचाला चिकटतं. कोंबडी बसल्या बसल्या चोचीनं हेच करत असते, आपण हातानं करायचं, एवढाच फरक.

तानूबाईला काट्यावर भरवसा नव्हता. ती अंडं उचलायची आणि मिटलेल्या पापणीवर धरायची. "हाताला कळत न्हाई पोरी, हात राबून घट्ट्यांनी मढलेला असतो," असं सुनेला सांगायची. "पापनीला कळतं. जिवाची ऊब येगळी आन बलपाची ऊब येगळी." हळूहळू सुप्रियालाही ती सवय लागली. डोळा मिटून अंडं पापणीवर टेकवलं की आतलं कुणीतरी अगदी जवळ आल्यासारखं वाटायचं. खूळ साथीचं असतं म्हणतात, ते काही खोटं नाही.

मार्गशीर्षातली ती सकाळ. अंडी निघायला तीन-चार दिवस उरले होते. दत्ता अंगणात आरसा टांगून दाढी करत होता आणि वृषाली मागून त्याला गुदगुल्या करत होती. हनुवटीवर पातं लागलं. "आगं, बापाचा गळा कापतीस का काय!" म्हणून तो तिच्यामागे धावला, ती पळाली, फरशीवरून घसरली आणि गुडघा फोडून घेतला. रडू आवरल्यावर तिनं आणखी एक बातमी दिली: समोरचा दात हलतोय. दत्तानं बोटानं हलवून बघितला. "मोटर चालू करून येतो. आल्यावर दोरा बांधून काढू. आन कौलावर फेकू, उंदरासाठी."

मग तो मधल्या खोलीत आला. सुप्रिया अंडी फिरवत होती. तो म्हणाला, "आज संध्याकाळपासून फिरवायची बंद. शेवटचं तीन दिवस अंड्याला हात लावायचा न्हाई. पिल्लू आतल्या आत वळून तोंड वर करतं, बाहेर यायची वाट धरतं. तवा आपन फिरवलं तर त्याला वाटच घावत न्हाई. मी आलो की ताट भरून झाकन लावतो, मग उघडायचं न्हाई."

"आणि उशीर झाला तर?"

"झाला तर झाला. मी येईस्तोवर फिरवत ऱ्हा."

हनुवटीवर रक्ताचा ठिपका घेऊनच तो गेला. तिनं हळदीचं बोट पुढे केलं होतं, तर "आल्यावर लाव" म्हणाला.

शेजारचे गेणभाऊ दुपारी कालव्याच्या कडेनं येत होते. दत्ताची मोटर चालू होती, पाइपातून पाणी धो धो पडत होतं, कांद्याचे वाफे फुटून वाहत होते. मोटरीजवळच्या दगडावर दत्ताच्या चपला शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या होत्या. ओल्या. आवर्तन सुटलेलं होतं आणि कालवा काठोकाठ होता. गेणभाऊंनी हाका मारल्या आणि मग गावच पळत आलं.

पोहणारे उतरले. गळ टाकले, जाळी लावली. पुढच्या गावांना निरोप गेले. पोलीस आले, पंचनामा झाला. आवर्तन संपलं, कालवा आटला, तेव्हा दादाभाऊ माणसं घेऊन कालव्याच्या कोरड्या तळातून मैलोन् मैल चालत गेला. बाटल्या सापडल्या, एक मेलेलं कुत्रं सापडलं. दत्ता नाही.

इकडे सुप्रियानं अंडी फिरवली. त्या संध्याकाळी घरात रडारड चालली असताना ती उठली, हात धुतले आणि अंडी फिरवून आली. लोकांना वाटलं, बाईचं भान गेलंय. भान गेलं नव्हतं. जाताना त्यांनी सांगितलं होतं, मी येईस्तोवर फिरवत राहा, आणि ते आले नव्हते. इतका सरळ हिशेब होता तो, आणि त्या घटकेला जगात तेवढीच एक गोष्ट तिला कळत होती.

माणूस मेला की दुःख निदान एका जागी बसतं. हे दुःख कुठे बसवायचं तेच घरात कुणाला कळेना. रडावं तर अभद्र, न रडावं तर छाती फुटते. सुप्रिया कुंकू लावत होती आणि दर वेळी आरशात बघताना आपण कुणाची तरी फसवणूक करतोय असं तिला वाटायचं. कुणाची, ते तिला सांगता आलं नसतं.

काही दिवसांनी दादाभाऊ ओट्यावर येऊन बसला. खाली बघत आईला म्हणाला, "आये, गुरुजींना इचारलं. दर्भाचा पुतळा करून इधी करता येतो म्हणं. त्याच्या जिवाला तरी वाट मिळंल." दारातून सुप्रिया म्हणाली, "भावजी, अंडी निघू द्या. मग बघू."

दादाभाऊनं चमकून वर बघितलं. "अजून न्हाई निघाली? आगं, कवाच निघायची व्हती ती. आता टाकून दे पोरी. नासली असत्याल, फुटली तर घरात बसवनार न्हाई."

तेव्हा पहिल्यांदा तिच्या ध्यानात आलं. दिवस मोजायचे तिनं सोडूनच दिले होते. आतापर्यंत अंडी निघून पिल्लं अंगणात फिरायला हवी होती.

दादाभाऊ गेल्यावर तिनं मधल्या खोलीचं दार लावलं, खिडकीला गोधडी टांगली आणि बॅटरी अंड्याच्या बुडाशी धरली. अंडं आत काळंभोर भरलेलं होतं, वरच्या टोकाला हवेची तेवढी उजळ जागा. त्या उजळ जागेच्या कडेला एक सावली हलली. चोच असावी. दुसरं अंडं बघितलं. हललं. तिसरं. एकाही अंड्याला वास नव्हता. पापणीवर धरलं तर ऊब होती. बल्बची नव्हे, दुसरी. दत्ता गेला त्या सकाळी जशी होती अगदी तशी, ना एका दिवसानं पुढे ना मागे. तिनं अंडी फिरवून ठेवली आणि खिडकीवरची गोधडी काढली. भीती वाटायला हवी होती. तिला बरं वाटलं. जगात आणखी कुणीतरी आपल्यासारखं थांबून राहिलंय, असं काहीसं वाटलं.

पौष सरत आला. बाहेर गव्हाच्या ओंब्या भरल्या, गेणभाऊंची गाय व्याली, दादाभाऊचा कांदा काढणीला आला. घरात मात्र काही गोष्टी जागच्या हलत नव्हत्या, आणि आता ध्यान गेल्यावर त्या तिला एकामागून एक दिसायला लागल्या. दत्ताच्या चपला गेणभाऊंनी आणून उंबऱ्यापाशी ठेवल्या होत्या. दिवसभर त्यांच्यावर ऊन असायचं, आणि तरी संध्याकाळी बोट लावलं तर ओल्या. तिला वाटलं, सासूबाई सडा टाकताना पाणी उडत असेल. मग एक दिवस तिनं त्या चुलीशेजारी ठेवल्या. सकाळी चुलीशेजारची जमीन कोरडी ठणठणीत होती आणि चपलांच्या तळव्यांत, बोटांच्या खोलगट जागी, पाणी चमकत होतं.

वृषालीचा दात हलतच होता. पडत नव्हता, घट्टही होत नव्हता. तिच्या वर्गातल्या मुलींचे दात पडून नवे यायला लागले होते. आणि तिचा गुडघा. पहिल्यांदा सुप्रियानं हळद लावली, मग मेडिकलमधून मलम आणलं. खपली धरत नव्हती. रोज सकाळी फडकं सोडलं की जखम तशीच, ताजी, लाल, कडेला अंगणातल्या फरशीची बारीक माती. ती माती धुवावी तर दुसऱ्या दिवशी पुन्हा असायची. रोज थोडं थोडं रक्त फडक्यात जात होतं आणि पोर पांढरी पडत चालली होती. शाळेतून बाईंनी निरोप पाठवला, प्रार्थनेला उभं राहवत नाही तिला.

मंचरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखर तपासली. सगळं बरोबर होतं. त्यांनी चष्मा वर करून गुडघा बघितला आणि म्हणाले, "काही विशेष नाही. कालची जखम आहे, भरेल चार दिवसांत. काल पडली ना?"

"काल," सुप्रिया म्हणाली. आपण खोटं बोललो असंही तिला वाटलं नाही.

परत येताना एसटीत वृषाली तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. वाटेत मध्येच तिनं विचारलं, "आई, पप्पा आल्यावर बरं होईल ना?" सुप्रियानं हो म्हटलं. आणि तेव्हा तिला उमगलं. दात पप्पा आल्यावर काढायचा होता, हळद पप्पा आल्यावर लावायची होती, झाकण पप्पा आल्यावर बंद व्हायचं होतं, आणि तिनं तो सगळा संसार जिथल्या तिथं धरून ठेवला होता. दोन्ही हातांनी. दिवसातून चारपाच वेळा.

घरी आल्यावर ती मधल्या खोलीत गेली. अंडी फिरवायची वेळ झाली होती. मागे तानूबाई येऊन उभी राहिलेली तिला कळलं नाही.

"पोरी, बस."

सुप्रिया बसली. तानूबाई खोक्याकडे बघत म्हणाली, "चपला मीबी बघते. रोज उठल्याबरुबर आधी त्यास्नी हात लावते. तुला वाटत आसंल म्हातारीला काय कळत न्हाई."

"मग तुम्हाला काय वाटतं, आई? ते—"

"बोलू नगंस." म्हातारीनं तिच्या तोंडावर हात ठेवला. "त्ये बोलायचं न्हाई. मी काय सांगते त्ये ऐक. मेंढरं वाटंला लागली ना, की गाभणी मेंढी व्यायची थांबती. दिस भरलेलं आसलं तरी थांबती. कळप चालतोय तवर ती पोटातल्या जिवाला धरून चालती. तुझा सासरा येकदा लई हट्टानं चालत ऱ्हायला. पल्याड पाणी हाय म्हनला, चला. मेंढी चालली. दोन दिस चालली. मंग खाली बसली ती उठलीच न्हाई. पोटातलंबी गेलं आन तीबी गेली. येळंवर थांबलो असतो तर येक तरी वाचलं असतं."

खोक्यातल्या बल्बचा पिवळा उजेड तिच्या सुरकुत्यांवर पडला होता. बाहेर वृषाली ओट्यावर गुडघा धरून बसली होती, खेळायला गेली नव्हती.

"तो माझ्या पोटचा हाय," तानूबाई म्हणाली. "तुझ्याआधी माझा हाय. आन मी सांगते, थांब आता. फिरवू नगंस."

एवढं बोलून ती उठली आणि भिंतीला धरून बाहेर गेली. सुप्रियानं ताटात पाणी भरलं. अंड्यांवरच्या हसऱ्या तोंडांकडे बघितलं. ती वर होती. तशीच वर ठेवून तिनं झाकण लावलं. नंतर किती तरी वेळ हात मांडीत घेऊन बसून राहिली. त्या हातांना आता काही काम उरलं नव्हतं, आणि बाई मनसोक्त रडली. दत्ता गेल्यापासून ती रडली होती, पण ते रडणं पाहुणं होतं. हे घरचं होतं.

दुसऱ्या दिवशी कालव्याला पुन्हा पाणी सुटलं. रात्रीच सोडलं होतं. सकाळी गेणभाऊ सांगून गेले, मोटर चालवायची असंल तर आजच चालवा. दादाभाऊनं दत्ताच्या वाफ्यांना पाणी दिलं.

दुपारी सुप्रिया ओटा झाडत होती. झाडता झाडता तिची नजर चपलांवर गेली. टाचेची जागा फिकी पडली होती. ती खाली बसली, बोट लावलं. टाच कोरडी होती. ओल तळव्याकडे सरकली होती आणि तिच्या डोळ्यांदेखत, ऊन लागल्या फडक्यासारखी, कडेकडेनं आत आकसत चालली होती.

तिच्या हातातला झाडू पडला. आतापर्यंत जे तानूबाईनं बोलू दिलं नव्हतं, ते तिच्या डोक्यात आपोआप पुरं झालं. चपला थांबल्या होत्या, दात थांबला होता, अंडी थांबली होती, आणि चपला काढून ज्या घटकेला ते पाण्यात—तीही घटका मग कुठेतरी तशीच थांबलेली असणार. अजून पुरी न झालेली. ती धावत मधल्या खोलीत गेली. एकच दिवस झाला होता. अजून पिल्लं वळली नसतील. आता झाकण उघडलं, आता फिरवलं, तर सगळं पुन्हा जागच्या जागी उभं राहील. तिनं झाकणाला हात घातला. झाकणाच्या फटीतून ऊब तिच्या बोटांना लागली.

"आई!" ओट्यावरून वृषालीनं हाक मारली. आवाजात कितीतरी दिवसांनी जोर होता. "आई, इकडं ये, बघ ना! खपली आलीय!"

सुप्रिया झाकणाला हात लावून उभी होती. हाक पुन्हा आली. "आई, खाजतंय पण! बघ ना गं!"

तिनं हात काढून घेतला. कसा काढला, ते तिचं तिला ठाऊक. बाहेर गेली, पोरीपुढे बसली आणि गुडघ्यावरची ती तांबडी-काळी पातळ खपली बघितली. "खाजवू नको," म्हणाली. "खाजवलं की निघते." आणि चपलांकडे पाठ करून तिनं पोरीला अंधार पडेपर्यंत कुशीत धरून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी खोक्यातून आवाज आला. बारीक, ओला, कवचाच्या आतून येणारा आवाज. आणि मग दुसऱ्या अंड्यातून त्याला उत्तर. वृषाली खोक्याच्या काचेला नाक लावून बसली. एका हसऱ्या तोंडाच्या बरोबर मधोमध चीर गेली, कवचाचा तुकडा उडाला. पहिलं पिल्लू लडबडत बाहेर आलं, मान टाकून पडलं, पुन्हा उठलं. मग दुसरं. ताटातलं पाणी पुरेसं होतं. एकही चिकटलं नाही. तानूबाई दारात उभी होती. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "केलीस बाबा, पिसांची मेंढरं केलीस."

टर्कीचं पिल्लू भारी येडं. दाण्यात उभं राहून उपाशी मरेल, पण कुणी शिकवल्याशिवाय टिपणार नाही. दत्तानं हे शंभरदा सांगितलं होतं. वृषालीनं आत्ताच सराव म्हणून रिकाम्या ताटलीवर बोटानं टुक टुक वाजवायला सुरुवात केली, आणि वाजवता वाजवता थांबली. तोंडात हात घातला. मूठ उघडून दाखवली. तळहातावर दात होता.

"आपोआप पडला," ती म्हणाली. तिला हसावं की रडावं ते कळत नव्हतं. "दोरा न लावताच पडला."

अंगणात पावलं वाजली. गेणभाऊ होते. ते आत आले नाहीत. ओट्याच्या खाली उभे राहून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरली. सुप्रियानं त्यांच्याकडे बघितलं आणि उंबऱ्याजवळच्या चपलांकडे बघितलं. त्या पुऱ्या वाळल्या होत्या. कातड्यावर मिठासारखी पांढरी रेघ उमटली होती.

कालव्यावर माणसं जमली होती. दत्ताच्या मोटरीजवळ, ज्या दगडावर चपला सापडल्या होत्या त्याच दगडाशी, त्याला काढून ठेवलं होतं. दोन महिन्यांपूर्वी जिथे गळ टाकले होते, पाणी आटल्यावर दादाभाऊ ज्या जागी पायांनी चालला होता, तीच जागा. बायकांनी तिला धरायला हात पुढे केले, पण ती सरळ चालत गेली आणि वाट मिळाली. दादाभाऊ डोकं धरून खाली बसला होता. पोलीस पाटील कुणाशी तरी फोनवर बोलत होता, "व्हय, तोच... न्हाई साहेब, तसं दिसत न्हाई... मी काय सांगू, तुमी या आन बघा." गेणभाऊ शेजारच्या माणसाला हळूच म्हणाले, "मढी म्या लई काढली रं. ह्यो कालचा हाय." त्या माणसानं त्यांना कोपर मारून गप्प केलं.

सुप्रिया खाली बसली. सदरा तोच होता. गाल गुळगुळीत होता, सकाळीच दाढी केल्यासारखा. हनुवटीवर, पातं लागलं होतं तिथं, एक ठिपका होता. तिनं पदराच्या टोकानं तो टिपला. पदराला लाल लागलं.

तिनं त्याचा हात दोन्ही हातांत उचलला. हाताला काही कळलं नाही. हात राबून मढलेला असतो. मग डोळा मिटून तिनं त्याची बोटं पापणीवर टेकवली आणि बराच वेळ तशीच बसून राहिली.

ऊब अजून पुरती गेली नव्हती.